हुबनरांचे चणे

सांडोरात कुणी कुणाला आडनाव विचारत नसे, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असायचं. विहिरीच्या अलीकडे लोपीस, पलीकडे डिमेलो, आणि वाट तळ्याकडे वळते तिथून पुढे परेरा. या तिघांच्या मधोमध, केळीच्या वाडीत, हुबनरांचं एकच घर होतं. ते आमचं. नवा पोस्टमन आला की लोपिसांची पत्रं डिमेलोंकडे आणि डिमेलोंची परेरांकडे जायची, पण आमचं पत्र कधी चुकलं नाही. शाळेत मास्तर हजेरी घेताना माझ्या नावापाशी आले की मान वर करून बघायचे, आणि ते पुढे सरकले की मागच्या बाकावरून कुणीतरी डब्यावर टिचकी मारायचं. टक्. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणत, आणि हुबनर हे नाव जर्मन आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून टक्. जर्मनचं भांडं हलकं, स्वस्त, आणि जरा आपटलं की पोचा येणारं. मी एकदा मागे वळून टिचकी मारणाऱ्या परेराच्या पोराच्या डोक्यावर तोच डबा मारला. पोचा डब्याला आला, टेंगूळ त्याला आलं, आणि मला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. उभं राहायला मला काही वाटलं नाही.

हे नाव आमच्याकडे आलं ते माझ्या आजामुळे. आजाचं नाव जुझे. प्लेगाच्या साथीत मुंबईच्या कुठल्याशा चाळीत त्याचं सगळं घर संपलं आणि जेमतेम चालणारं हे पोर तेवढं उरलं. आईबापांची नावं सांगण्याइतकी त्याला वाचा नव्हती आणि सांगू शकणारं दुसरं कुणी शिल्लक नव्हतं. त्या काळी मुंबईत जर्मन फादर होते, त्यांच्या अनाथाश्रमात त्याला नेऊन ठेवलं. बाप्तिस्म्याला धर्मबाप पाहिजे, तेव्हा आश्रमाची भाजीची बाग सांभाळणारे एक ब्रदर पुढे आले. ब्रदर हुबनर. ज्या पोराला स्वतःचं आडनाव नाही त्याला धर्मबापाचं द्यायचं, ही आमच्यातली जुनीच रीत, त्याप्रमाणे ते त्याला मिळालं. आजा त्यांच्या हाताखाली बागेतच वाढला. पुढे पहिली लढाई लागली, इंग्रजांनी जर्मन फादर आणि ब्रदर यांना उचलून नेलं, आणि आजाला लोकांनी सांगितलं की हे नाव आता टाक, नाहीतर तुलाही नेतील. त्याने टाकलं नाही. ते नाव घेऊनच तो काम शोधत वसईला आला, सांडोरात लोपिसांच्या वाडीत राबायला लागला, आणि त्याच्या हातचं केळीचं खोड बघून त्या लोपिसांनी आपली मुलगी त्याला दिली. मुलीबरोबर वाडीचा एक तुकडाही दिला. आजा घरजावई झाला, पण लोपीस झाला नाही.

गावाने याची एक वेगळी गोष्ट करून ठेवली होती. आजा पाद्र्याचं पोर, म्हणून पाद्र्याचं नाव, अशी ती गोष्ट. ती आमच्यासमोर कुणी सांगत नसे, पण आम्ही आलो की मध्येच तोडत असत, त्यामुळे आम्हांला ती तुकड्यातुकड्यांनी पाठ होती. ब्रदर म्हणजे पाद्री नव्हे, हे गावाला कळत होतं. आजा काळा कुळकुळीत होता, हेही गावाला दिसत होतं. पण चविष्ट गोष्ट सापडली की माणसं डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, हे मी सत्तरीत आल्यावरही रोज बघते.

मला आजा थोडासाच आठवतो. मी पहिली-दुसरीत असताना तो गेला. पण घरात तो सगळीकडे होता. पहाटे रहाटाचा आवाज सुरू व्हायचा, पुढे रहाट जाऊन डिझेलचं इंजिन आलं आणि त्याची ठुकठुक सुरू झाली, तरी पाटातून पाणी वळवायची पद्धत आजाचीच राहिली. बाबा केळीच्या बुडाशी फुटलेली पिल्लं लावायला बसले की मोजायचे, "आइन, सवाय, दराय, फीर, फुनफ," आणि दहापर्यंत जाऊन परत पहिल्यापासून. आम्ही दोघी बहिणी, आई, कामाला येणारा लक्ष्या वारली, सगळे तसंच मोजायचो. नारळ मराठीत मोजायचे, अंडी मराठीत मोजायची, पण केळीची पिल्लं मात्र आइन, सवाय, दराय. मला कितीतरी वर्षं वाटायचं की केळी मोजायची भाषाच वेगळी असते; ती ब्रदर हुबनरांची जर्मन होती, हे पुढे कळलं. लक्ष्याने तर दुसऱ्यांच्या वाड्यांमध्येही तीच मोजणी नेली, आणि आमच्या नावाला नाक मुरडणाऱ्या डिमेलोंच्या वाडीत त्यांचा गडी आमच्या आजाच्या तोंडाने पिल्लं मोजत होता. याची मजा मला तेव्हा कळली नाही, आता एकटी बसले की कळते आणि हसू येतं.

थंडीत राजेळी केळी उतरली की सुकेळी करायचं काम निघे. पिकलेली केळी सोलून उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, पुन्हा सकाळी बाहेर, असं ती मधाच्या रंगाची होईपर्यंत. घरभर तो जड गोड वास, त्यावर सुक्या बोंबलाचा वास, कारण अर्नाळ्याची कोळीण टोपली घेऊन त्याच दिवसांत यायची आणि आईबरोबर ओसरीत बसून चहा घ्यायची. तांदळाची भाकरी, बोंबलाची चटणी आणि शेवटी चोरून एक सुकेळं. फिलू, म्हणजे माझी थोरली बहीण फिलोमिना, सुकेळी केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या सुकवलेल्या सालीत, बांधायला बसली की तिचे हात बघत राहावेत. ती बोलायची कमी. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे होतं आणि आई म्हणायची की देवाने दोघींत वाटणी करताना माप बघितलंच नाही.

घर असं भरलेलं होतं, पण गावात आम्ही एकटे होतो. एक घर म्हणजे भाऊकी नाही. भाऊकी नाही म्हणजे लग्नात मांडव घालायला येतात ते उपकार म्हणून येतात. आजाच्या शवपेटीला खांदा द्यायला लोपीस आले, तेव्हाही 'आमच्या आत्याचा नवरा' म्हणून आले. आणि सगळ्यांत जास्त ते मे महिन्यात टोचायचं. आमच्या वाटेच्या तिठ्यावर दगडी क्रूस आहे. मे महिनाभर रोज संध्याकाळी तिथे रोझरी आणि लितानी या प्रार्थना व्हायच्या. प्रत्येक कुळाची संध्याकाळ ठरलेली. ज्यांची संध्याकाळ त्यांनी क्रूस धुवायचा, मोगऱ्याच्या माळा घालायच्या, आणि शेवटी उकडलेले चणे नि खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. चणे वाटायच्या आधी त्या कुळातल्या मेलेल्या माणसांची नावं पुकारायची. हाक देणारीने पूर्ण नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "प्रभो, त्याला तुझ्या उजेडात घे." उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही, हा दंडक. बिनउत्तराचं नाव तसंच टाकून पुढे गेलं तर तो आत्मा उंबऱ्यावरच अडकतो, असं म्हातारी माणसं सांगायची. एकदा परेरांच्या संध्याकाळी कुणाचा तरी बैल सुटून गर्दीत शिरला, माणसं दाही दिशांना पळाली, आणि हाक देणारी आंधळी मावशी जागची न हलता 'पेद्रू परेरा, पेद्रू परेरा' म्हणत राहिली. बैल बांधून, धापा टाकत, लोक परत आले आणि पेद्रूला उजेडात घालून मगच पुढे गेले.

आमची संध्याकाळ नव्हती. आम्ही आजीच्या माहेरच्यांच्या, म्हणजे लोपिसांच्या संध्याकाळी जाऊन बसायचो. आमच्या मेलेल्यांचं नाव कुणी घेत नसे. शेवटी 'आणि इतर सर्व मृत' अशी एक हाक असायची, त्या 'इतर'मध्ये माझा आजा होता. ती आंधळी मावशी गेल्यावर हाक द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा गळा मोठा होता आणि पाठांतर पक्कं होतं. तेव्हा माझी मॅट्रिक व्हायची होती. तिन्ही कुळांची नावं मी पुकारायची आणि शेवटी माझ्या स्वतःच्या आजाला 'इतर' म्हणायची. पहिली दोन वर्षं मी ते म्हटलंही.

त्याच सुमारास फिलूला गिरीजचं स्थळ आलं. मुलाचं नाव पास्कू, शिक्षक, घरची नारळाची वाडी, स्वभावाने गरीब. एका लग्नात त्याने फिलूला पाहिलं होतं आणि आपणहून निरोप पाठवला होता. फिलूने त्या आठवड्यात ओसरी दोनदा सारवली, यावरून आम्ही काय ते समजलो. पास्कूला वडील नव्हते. घरात शब्द चालायचा तो त्याच्या काकांचा. काकांनी चौकशी केली, आणि ती पाद्र्याच्या पोराची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागणार. त्यांनी आंतोनकाकांकडून निरोप पाठवला. आंतोन लोपीस म्हणजे बाबांचे मामेभाऊ, लोपिसांचे कर्ते, अडल्यानडल्याला धावून येणारे. आमचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर माझ्या बोलण्यावरून त्यांच्याविषयी भलता समज व्हायचा.

निरोप असा होता की मुलगी पसंत आहे, घर पसंत आहे, फक्त नाव तेवढं बदला. आजी लोपीस होती, वाडी लोपिसांची होती, मग लोपीस लावायला काय हरकत? पुढच्या आठवड्यात लोपिसांची संध्याकाळ आहे, मुलाकडची माणसं येऊन बसतील. तिथे आजाचं नाव लोपिसांच्या नावांत पुकारलं गेलं, सगळ्या गावाने त्याला उत्तर दिलं, की झालं. मग चर्चमध्ये लग्नाआधी तीनदा नावं वाचतात, त्या पुकारांतही लोपीस म्हणून वाचता येईल. आंतोनकाका ओसरीच्या पायरीवर बसून हे सांगत होते आणि बाबा खाली मान घालून केळीचं सोप सोलत होते.

"सांतान, नाव काय चाटाचंय?" काका म्हणाले. "तुना दोन पोरी. त्या गेल्या की तुझं हुबनर तसंबी संपलं. मग आत्ताच पोरीचं भलं होते तर होऊ दे ना."

बाबा सोप सोलतच राहिले. ते थकलेले होते. आयुष्यभर एकट्याने वाडी ओढलेला माणूस, त्याला कुणी खांद्याला खांदा देतो म्हणत होतं. आणि खरंच, मुलगे नव्हते. आई चुलीपाशी भांडी उगाच वाजवत होती. फिलू सुपात चणे निवडत होती, लोपिसांच्या संध्याकाळसाठी लोपिसांनीच दिलेले, आणि एकच मूठ पुन्हा पुन्हा निवडत होती. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी कधी त्याची वाट बघितली नाही.

मी म्हटलं, "काका, पयल्या लोपिसाला लोपीस नाव कोणी दिलं?"

काका म्हणाले, वाडवडिलांपासून आहे. मी म्हटलं, वाडवडिलांना कुणी दिलं? ते म्हणाले, पोरी, तुझी शाळा इथे नको. तेव्हा मीच सांगितलं. फिरंगी वसईत उतरले, आपल्या माणसांना बाप्तिस्मा दिला, आणि जो शिपाई नाहीतर कप्तान धर्मबाप म्हणून शेजारी उभा राहिला त्याचं आडनाव त्या त्या घराला चिकटलं. लोपीस बोटीतूनच आले, डिमेलो बोटीतून आले, परेरा बोटीतून आले. सांडोरच्या मातीत उगवलेलं त्यातलं एकही नाही.

"तुमाला नाव धर्मबापाने दिलं, आमालाबी धर्मबापानेच दिलं," मी म्हटलं. "तुमचा धर्मबाप जुना, आमचा नवा. याच्यापरीस दुसरा फरक काय तो मना सांगा."

काकांना राग आला नाही, हसूच आलं. ते उठले, माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि बाबांना म्हणाले, हिला वकील कर. मग उंबऱ्यापाशी थांबून मला म्हणाले की हाक तुलाच द्यायची आहे, तेव्हा नावं नीट ऐकून घे, आणि त्यांनी लोपिसांची नावं क्रमाने सांगितली. शेवटचं नाव, जुझे लोपीस. एवढ्या प्रेमाने त्यांनी माझ्या तोंडात माझ्या आजाचं खोटं नाव घातलं. ते गेल्यावर मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "म्हण, बाय. फिलूसाठी म्हण." आणि ते वाडीत निघून गेले.

तो आठवडा कसा गेला ते सांगता येत नाही. मी फिलूला धरून विचारलं की तुला काय पाहिजे. ती म्हणाली, मना पास्कू पायजे. एवढंच.  तिचा संसार माझ्या जिभेवर ठेवला होता. पण मला दुसरंही दिसत होतं. ज्या माणसाला आईबापांचं नाव मिळालं नाही, त्याला कुणीतरी एक नाव दिलं. पलटणी लोकांना पकडून नेत होत्या तेव्हाही त्याने ते सोडलं नाही. आणि आता तो मातीखाली असताना, तोंड उघडू शकत नसताना, आम्ही ते त्याच्याकडून काढून घेणार. तेही कशासाठी, तर एका गावगप्पेची लाज वाटते म्हणून. त्या आठवड्यात मला भूक लागेना, आणि आईने सणाचे फुगे, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, तळले तरी मी खाल्ले नाहीत, यावरून घरात सगळ्यांना काळजी वाटायला लागली होती.

लोपिसांची संध्याकाळ आली. क्रूसावर इतक्या माळा होत्या की दगड दिसत नव्हता. खाली चटया टाकलेल्या, पुढे मुलाकडची माणसं, मधोमध पास्कूचे काका, पांढरा स्वच्छ सदरा, हातात जपमाळ. त्यांच्या बाजूला पास्कूची आई, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली, बारीकशी बाई. पास्कू मागे उभा. रोझरी झाली, लितानी झाली. चर्चची संध्याकाळची घंटा होऊन गेली होती, वाडीतून इंजिनाची ठुकठुक येत होती, मग तीही थांबली. मी नावं घ्यायला सुरुवात केली. एकेका लोपिसाचं नाव, त्यावर सगळ्यांचं उत्तर, पुन्हा नाव, पुन्हा उत्तर. माझा आवाज नेहमीसारखा लागत होता. आंतोनकाका प्रत्येक नावाला मान डोलावत होते.

मग मी म्हटलं, "जुझे." आणि थांबले. बाबा जमिनीकडे बघत होते. फिलू चण्यांचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली होती आणि ती माझ्याकडे बघत होती.

"जुझे हुबनर," मी म्हटलं.

कुणी उत्तर दिलं नाही. आधी वाटलं की लोकांच्या लक्षात आलं नाही, पण आलं होतं. पास्कूच्या काकांनी जपमाळ मुठीत धरली आणि आंतोनकाकांकडे बघितलं. आंतोनकाकांनी मला डोळ्यांनी पुढे जा म्हणून खुणावलं. 'इतर सर्व मृत' म्हण आणि संपव, असा त्याचा अर्थ. मी पुढे जाणार नव्हते. दंडक त्यांचाच होता, मी फक्त तो पाळत होते. मी पुन्हा म्हटलं, "जुझे हुबनर."  बायकांच्या रांगेत चुळबुळ झाली. पोरांना गंमत वाटायला लागली.  मी आणखी एकदा म्हणणार, एवढ्यात उत्तर आलं. एकटं आणि बारीक.

"प्रभो, त्याला तुझ्या उजेडात घे."

फिलू बोलली होती. जिचं सगळं पणाला लागलं होतं ती. तिच्या मागोमाग बाबा बोलले, आवाज फुटलेला, पण अख्खं वाक्य बोलले. मग आई. मग लोपिसांच्या म्हाताऱ्या, कारण हुबनर असो की कुणी असो, नाव घेतल्यावर आत्म्याला उंबऱ्यावर ठेवायची त्यांची छाती नव्हती. शेवटी सगळे. आंतोनकाकाही. मी 'इतर सर्व मृत' म्हटलं आणि खाली बसले.

चणे वाटायची वेळ आली, तेव्हा वाटायचा मान लोपिसांच्या सुनेचा होता. फिलू पातेलं घेऊन उठली आणि त्या सुनेला मागे सारून सरळ मुलाकडच्या माणसांपुढे जाऊन उभी राहिली. सांडोरात क्रूसाचे चणे नाकारत नाहीत. नाकारलं तर त्या घराशी बोलणं संपलं असा त्याचा अर्थ. फिलूने पळीभर चणे काढले आणि पास्कूच्या काकांपुढे धरले.

"घ्या," ती म्हणाली. "हुबनरांच्या हातचे हायेत."

काकांनी हात पुढे केला नाही. ते उठले, चपला घातल्या आणि चालायला लागले. फिलू तशीच उभी. पळी पुढे धरलेली. मग पास्कूच्या आईने पदर पुढे पसरला. फिलूने त्यात चणे घातले. पास्कू मागून पुढे आला, दोन्ही हातांची ओंजळ केली, आणि चणे घेऊन तिथेच उभ्या उभ्या खाऊ लागला, शाळेतल्या पोरासारखा. काका वाटेवरून वळून बघत होते. एकट्याने किती चालणार? वळणापाशी थांबून राहिले बिचारे.

फिलूचं लग्न झालं. चर्चमध्ये तिन्ही पुकारांत फादरांनी 'फिलोमिना हुबनर' असंच वाचलं, आणि तिन्ही वेळा मी मागच्या बाकांकडे वळून बघितलं. पास्कूचे काका लग्नाला आले, डुकराच्या मटणाचं इंद्याल दोनदा वाढून घेतलं, आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांना माझ्याशी बोलताना खाकरून घ्यावं लागायचं. त्या संध्याकाळी घरी येताना फिलू मला एवढंच म्हणाली होती, "पुढल्या वेळी मना आधी सांग. लुगडं तरी बरं नेसली असती." पुढच्या मे महिन्यात आंतोनकाका स्वतः येऊन बाबांना म्हणाले की महिन्याची शेवटची संध्याकाळ रिकामी आहे, ती तुम्ही घ्या. पहिल्या वर्षी आमच्या चटईवर आम्ही तिघं, लक्ष्या वारली आणि आंतोनकाका, एवढेच होतो. लक्ष्या ख्रिस्ती नव्हता, पण उत्तर सगळ्यांत मोठ्याने त्याचंच.

मी लग्न केलं, पण हुबनर सोडलं नाही. नवऱ्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, त्याने मान डोलावली, आणि सासरच्यांनी कुरकुर केली ती त्यांच्याजवळच राहिली. शाळेत पोरं मला हुबनरबाई म्हणायची. फळ्यावर खडू टक् वाजवला की वर्ग गप्प व्हायचा. मला मूलबाळ झालं नाही, म्हणजे आंतोनकाकांचा हिशोब एका परीने बरोबर निघाला. पण नाव संपणार म्हणून ते आजच टाकायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. माणूसही संपणारच असतो.

फिलूची नात नेहा आता जर्मनीत ड्रेस्डेनला नर्स आहे. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, आजी, इथे दारावरच्या घंटीवर सगळ्यांची आडनावं लिहितात, बघ. आणि तिने मोबाइल फिरवून दाखवलं, तिच्या शेजारच्याच इमारतीच्या घंटीवर हुबनर. इथे हे नाव आपल्याकडच्या पाटलांसारखं आहे, म्हणाली. मग तिने त्याची सगळी जन्मकथा शोधून काढली. जुन्या काळी तिकडे एका घराचं पोट भरेल एवढ्या जमिनीच्या तुकड्याला एक शब्द होता, आणि तेवढी जमीन कसणारा शेतकरी तो हुबनर. दक्षिणेकडे त्यालाच हुबर म्हणतात. सॅक्सनी, सायलेशिया, बोहेमिया असा त्यांचा जुना मुलूख. दुसऱ्या लढाईनंतर सायलेशियातल्या जर्मनांना घरंदारं सोडून जावं लागलं, त्यांत किती हुबनर असतील. आज ते जर्मनीभर आहेत, ऑस्ट्रियात आहेत, चेक लोकांत वेगळ्या स्पेलिंगने आहेत, अमेरिकेत, ब्राझीलमध्ये आहेत. तिने मला नकाशा पाठवला, त्यात जिथे जिथे हुबनर तिथे तिथे ठिपके. जर्मनीच्या पूर्वेला तर ठिपक्यांचा नुसता चिखल. मी चष्मा पुसून भारताकडे बघितलं. वसई कोरी होती.

नेहाला वाईट वाटलं. म्हणाली, तुझं नाव कळवून एक ठिपका टाकायला सांगू का? मी म्हटलं, काही गरज नाही. एका घराचं पोट भरेल एवढी जमीन, हा अर्थ ऐकून बरं वाटलं हे मात्र कबूल करते. आजाला मिळाली ती तेवढीच होती, आणि बाबांनी ती तेवढीच सांभाळली. पण अर्थ कळला नसता तरी माझं काही अडलं नसतं. तिकडचे हुबनर बापाकडून हुबनर झाले, त्यांनी काही केलं नाही. आम्हांला ते एका परक्या माणसाने मायेने दिलं, आणि आम्ही ते गावाशी भांडून ठेवलं. मी नेहाला दहापर्यंत मोजून दाखवलं, आइन, सवाय, दराय. ती हसून हसून लाल झाली. म्हणाली, आजी, इथल्या बेकरीत मी असंच मोजलं तेव्हा म्हातारी मालकीण विचारत होती की तू हे कुठे शिकलीस. मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? म्हणाली, सांडोरच्या केळीच्या वाडीत.

फिलू गेल्या पावसाळ्यात गेली. आता सांडोरात हुबनर म्हणून मी एकटी. क्रूसाच्या भोवती इमारती उठल्यात, एका बाजूला पार्किंग आहे, आणि मे महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी मी चणे उकडून नेते तेव्हा इमारतींतली नवी माणसं खुर्च्या घेऊन येतात. कुणी केरळचे, कुणी मंगळूरचे, वॉचमन तर कुठल्या तरी डोंगरातला, त्याला क्रूसाशी काही देणंघेणं नाही, पण चणे आवडतात. गेल्या मे महिन्यात मी काठी टेकून उभी राहिले. जुझे हुबनर, सांतान हुबनर, मग आई, रोझा हुबनर. फिलूचं नाव खरं तर तिच्या सासरच्या कुळात गिरीजला पुकारलं जातं, पण मी ते इथेही घेतलं, आणि हुबनर लावून घेतलं. कुणाचा तरी मोबाइल वाजला, लोकांची तोंडं तिकडे वळली, आणि उत्तर आलं नाही. समोरची एक मुलगी हळूच म्हणाली, आंटी, हो गया, आगे बोलो.

मी काठी घट्ट धरली आणि पुन्हा म्हटलं, फिलोमिना हुबनर. उत्तर येईपर्यंत मी पुढचं नाव घेत नाही.